एका माणसाची गाडी

माघ लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांच्या मते ते बाराही महिने फिरलेलंच असतं, पण माघात त्याला वेग येतो हे मलाही कबूल आहे. खळी आवरलेली असतात. कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात. शेतात नुसती धसकटं उरतात, आणि सकाळच्या थंडीला पेटवलेल्या तुराट्यांचा वास असतो. अशात कुठल्या तरी गावाहून वाऱ्यावर भोंगा ऐकू येतो, मधेच बुडतो, परत वर येतो. पट भरला! आमच्या वऱ्हाडात बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात. त्या आवाजानं म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत जोर येतो, पोरं जेवणावरून उठतात. मला राग येतो. ज्यांच्यावर तो आहे ती माणसं कधीच मातीत गेली, माझे स्वतःचे दात पडून त्या जागी डॉक्टरनं दुसरे बसवले, पण राग मात्र अजून पहिल्या दातांनी चावतो.

यंदा त्यात सुभाषनं तेल ओतलं. सुभाष माझ्या भावाचा मुलगा, पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात असतो. चार दिवसांसाठी आला तो वर्तमानपत्र नाचवतच आला.

"आत्या, हे पाय. शर्यतीची नवी गाडी काढली. लहान पोरांच्या शर्यतीसाठी. एकच माणूस बसते हिच्यात!"

मी चष्मा लावला. घोरपड उन्हात पसरावी तशी ती गाडी जमिनीला चिकटून पसरली होती. चाकं अंगाबाहेर, छप्पर नाही, मधोमध एक खोबण. त्या खोबणीत उद्घाटनाला आलेले पाहुणे बसले होते. बसले म्हणजे कोंबले होते. गळ्यात हार, हारावर हनुवटी, पोट गाडीच्या दोन्ही काठांवरून बाहेर आलेलं. बाजूला एक पोरगी उभी. अंगात शर्यतीचा पोशाख, डोक्याचा टोप काखेत, आणि तोंडावर हसू. ते हसू मी ओळखते. आपल्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं असताना आपण जे हसतो ना, ते.

मी पेपर सुभाषच्या अंगावर फेकला.

"काऊन वं आत्या? काय झालं?"

"उठव त्याले."

"कोणाले?"

"त्या हारवाल्याले. उठव म्हन्तो ना!"

सुभाषला वाटलं, आत्याचं बीपी वाढलं. तो गोळी शोधायला आत पळाला. ह्या पोराला काय सांगू? एका माणसाच्या गाडीचं मला त्याच्याहून जास्त कळतं. अशी गाडी आमच्या दारात उभी होती. तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता, आणि सुभाषचा बाप नाक पुसायलासुद्धा शिकला नव्हता.

आमचं गाव जानेफळपासून बैलगाडीनं एक झोप होईल एवढ्या अंतरावर. बाबांकडे दोन गोऱ्हे होते, वकील आणि मास्तर. एक विनाकारण हंबरायचा आणि दुसरा विनाकारण मारायचा, म्हणून ही नावं. दोघांच्या गाई एकाच पावसाळ्यात दुधाला आटल्या, तेव्हा मी त्यांना बोटं चोखायला देऊन ताक पाजून वाढवलं. त्यामुळे झालं असं की ते बापाचं ऐकत नसत, गड्याचं ऐकत नसत, कासऱ्याचं ऐकत नसत. मी टाळूला जीभ लावून टिचकी वाजवली की सुटत. आणि सुटत म्हणजे काय! वखरावर उभी राहून मी त्यांना पडीक रानात पळवायचे, तर वखर जमिनीला टेकायचाच नाही. बाबा बांधावरून ओरडायचे, "अवं, वावर तसंच राह्यलं ना! खाली उतरव त्याहिले!" लोणारच्या रस्त्यावर एकदा एस.टी. मागून आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, वाजवला आणि शेवटी बिचाऱ्यानं नाद सोडला. आमची धूळ बसेपर्यंत प्रवासी खाली उतरून चहा पिऊन आले म्हणतात. खोटं वाटत असेल त्यानं त्या ड्रायव्हरला विचारावं. तो आता हयात नाही, ही माझी चूक नाही.

पटात गोऱ्ह्यांचा वेगळा गट असतो, अदत. ज्यांचा दुधाचा दात अजून पडलेला नाही ते अदत. पंच येतात, जबडा उघडून बोट फिरवतात, मगच नाव पुकारतात. एकदा दात पडला की पुढच्या गटात, दांडग्या बैलांबरोबर. म्हणजे कोणत्याही गोऱ्ह्याच्या आयुष्यात अदतचा हंगाम जेमतेम एक येतो. आणि त्या माघात मास्तरचा पुढचा दात हलायला लागला होता.

त्या दातानं आमचं घर जसं हललं तसं भूकंपानंही हललं नसतं. कडबा बंद. सरकीची ढेप भिजवून, कुस्करून, लापशी करून त्याला मिळायची. माय म्हणायची, माह्या बाळंतपणात मले अशी कोणी देली नाही. बाबा रोज सकाळी मास्तरच्या तोंडात बोट घालून उभे राहायचे आणि आम्ही सगळे श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे बघायचो. "हाय," असं ते म्हणाले की मगच चूल पेटायची. दात पटापर्यंत टिकला तर पायी शेगावला येईन, असा नवससुद्धा त्यांनी बोलून ठेवला होता.

खरं तर आणखी एका जीवाचा तो एकच हंगाम होता. वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. पुढच्या माघात मी दुसऱ्याच्या घरी भाकरी थापत असणार, हे गोऱ्हे सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाबांनाही. म्हणूनच की काय, पटात जोडी कोण हाकणार असा प्रश्न निघाला तेव्हा ते गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गोदी हाकन. दुसऱ्याचं ऐकतेत का ते?"

माय कपाळावर हात मारून बसली. "पोट्टीची जात पटात? लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन, गोदीच्या बापाची जोडी पह्यली आली!"

माय त्यावर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाबांच्या जुन्या धोतराची एक बंडी शिवून माझ्या अंगावर फेकली. "पदर गुतला चाकात त जीव जाईन. हे घाल." मी ती घालून आरशात पाहिलं. तालुक्याचा फौजदार दिसत होते.

गाडी बळीराम मिस्त्रींनी केली. गावचे सुतार, बाबांचे दोस्त, आणि स्वतःची तारीफ करण्यात दहा गावांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपण केलेल्या पाळण्यात पोर रडत नाही, आपण केलेल्या तिरडीवर मुडदा उठून बसायला बघतो, असलं बोलायचे. पण गाडी त्यांनी केली ती खरोखरच तारीफ करावी अशी. जू शिवणीच्या लाकडाचं, हलकं, गोऱ्ह्यांच्या खांद्याला पिसासारखं. दोन चाकांमधला आख धावड्याच्या लाकडाचा, दोन वर्षं माळ्यावर सुकवलेला. चाकं लहान. माल भरायचा साटा नाही, कठडा नाही, मधे फक्त एक फळी. त्या फळीसाठी त्यांनी मला कारखान्यात बोलावलं, अखंड लाकडावर मांडी घालून बसवलं आणि भोवती कोळशानं रेघ ओढली. "हाल नोको. हालली त सासरी जाऊन पडशीन." मग त्या रेघेवर करवत चालवली. भुश्शाचा तो गोड वास, एरंडेल आणि काजळीच्या वंगणाचा काळा वास, आणि दोन्हींच्या मधे माझ्या मापाची, माझ्या एकटीच्या मापाची जागा. अख्ख्या जगात तोवर माझ्या मापाचं काहीच नव्हतं. लुगडी मायची, चपला चुलतभावाच्या, नाव आजीचं.

गाडी इतकी हलकी झाली की वारा सुटला की बाबा तिला गोठ्याच्या खांबाला बांधायचे. एकदा कोंबडी तिच्यावर चढली तर जू वर गेलं आणि कोंबडी ओरडत सुटली. मी मात्र तिच्यावर बसले नाही. नवं वाहन पूजेआधी वापरायचं नाही, हा नियम. मी रोज तिच्या भोवती फिरायचे, फळीवरून हात फिरवायचे. बसायचे नाही. पटाच्या दिवशी सकाळी मारुतीपुढं नारळ फुटेल आणि मी बसेन, तिथून थेट पटावर. जीभ टाळूला लावून झोपायचे मी.

आता इथं मला थोडं थांबून बसण्याविषयी बोलू द्या, कारण आमच्या भागात बसणं ही साधी गोष्ट नाही. नवी खाट विणली की पहिलं कोण बसणार? शाळेत नवं बाक आलं, पहिलं कोण? ट्रॅक्टर, मोटरसायकल, झोपाळा, पंचायतीची लोखंडी खुर्ची, सगळ्याला पहिलं बूड लागतं ते मानकऱ्याचं. वस्तू कशासाठी केली, कोणाच्या मापानं केली, ह्याच्याशी संबंध नाही. एका गावात नवा पाळणा आला तर त्यात आधी म्हाताऱ्या पाटलाला निजवून झोका दिला म्हणतात. मी पाहिलं नाही, पण आमचं गाव पाहिल्यावर मला शंका वाटत नाही.

त्यात आमच्याकडे मानकरी झाले होते दोन. सरकारनं पाटील लोकांची पाटीलकी काढून घेतली होती, पण ती काढून घेतल्याचं पाटलांना कोणी सांगितलं नसावं. ते अजून मारुतीच्या ओट्यावर तसेच बसायचे, मिशांसकट. आणि नव्या पंचायतीचे सरपंच पांढरी टोपी घालून समोरच्या ओट्यावर. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. एकानं सकाळ झाली म्हटलं की दुसरा कंदील लावायचा.

पटाची सकाळ. दात होता. बाबांनी बोट बाहेर काढून "हाय!" म्हटलं तेव्हा माय रडली. मी बंडी घातली, वकील-मास्तरला जुंपलं, कासरा धरून पुढं चालत गाडी मारुतीपुढं आणली. अख्खा गाव जमला होता. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. मी फळीकडे वळले.

"थांब वं," पाटील ओट्यावरून म्हणाले. "गावात नवी गाडी आली. पह्यलं कोण बसते? पोट्टी?"

पाटील मिशी पिळत खाली उतरले.

"गावाची रीत हाय. पह्यला मान पाटलाचा."

"पाटील आता कुठी राह्यले?" समोरून सरपंच उठले. "मान आता पंचायतीचा हाय. म्या बसन. पण हे मात्र बराबर हाय, पोट्टी पह्यली नाही बसाची."

बघा. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर जमलं, ती गोष्ट ही!

बळीरामकाका ओरडत पुढं आले. "अहो, एका माणसाची हाय गाडी! पोरीच्या वजनावर केली म्या! हे काय धान्याचा गाडा हाय का?"

"तू चूप रे," दोघं म्हणाले. पुन्हा एकमतानं.

मी बाबांकडे पाहिलं. माझे बाबा! त्यांच्या आवाजानं कुत्री गल्ली बदलायची. बाजारात हाक मारली तर दुसऱ्या गावचे बैल थांबायचे. मला वाटलं, आता हे उघडणार तोंड आणि मारुतीच्या देवळाचा कळस खाली येणार. बाबांनी पागोटं नीट केलं. दोन्ही हात जोडले. आणि मी कधी ऐकला नव्हता अशा, तुपातून काढलेल्या आवाजात म्हणाले,

"बसा ना मालक. तुमीबी बसा सरपंच. दोघंबी बसा. पोरीले आशीर्वाद होईन."

पाटलावर राग आहे. सरपंचावर आहे. पण माझ्या रागाला मुळाशी खणत गेलात तर तिथं हा 'बसा ना' सापडेल. आणि नुसतं म्हणाले नाहीत, चाक हातानं धरून ठेवलं, त्यांना चढायला सोपं पडावं म्हणून.

पाटील डावीकडून चढले, सरपंच उजवीकडून. माझ्या मांडीच्या मापाची फळी. अर्धा पाटील एका बाजूनं बाहेर, अर्धा सरपंच दुसऱ्या बाजूनं. मधे दोघं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अंग चोरून बसलेले, आणि पडू नये म्हणून एकमेकांना धरलेले. कोणीतरी म्हणालं, हार आणा. हार आणले. मी पुढं कासरा धरून उभी. आणि सांगते, मी हसत होते. त्या पेपरातल्या पोरीसारखीच.

दुसरा हार पाटलांच्या गळ्यात पडला आणि आख मोडला. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. चाकं दोन दिशांना फाकली, आणि गावाचे दोन्ही मानकरी नारळाच्या पाण्यात तोंडावर पडले. मारुतीपुढं लोटांगण त्या दोघांनी आयुष्यात एकदाच घातलं असेल, तेही हारासकट. वकील-मास्तर दचकले, पण कासरा माझ्या हातात होता, उभे राहिले. जनावरं होती म्हणून उभी राहिली.

गर्दीत हसू फुटणारच होतं. पाटील गुडघ्यावर उठले, मिशीचं कुंकू पुसलं आणि म्हणाले, "लाकूड कच्चं व्हतं."

सरपंच टोपी शोधत म्हणाले, "म्या तेच म्हन्तो. कच्चंच व्हतं."

"पोट्टी बसली असती पटात, त जागीच मेली असती."

"देवानं आमाले पुढं केलं म्हना ना."

असं म्हणता म्हणता, माझ्या डोळ्यांदेखत, त्या दोघांनी माझा जीव वाचवला! बायका पुढं आल्या, कोणी मीठ-मिरच्या मागितल्या, त्या आमच्याच घरातून आल्या, आणि माझ्या मायला त्या दोन दांडग्यांची दृष्ट काढावी लागली. बळीरामकाका मोडलेला आख घेऊन एकेकाच्या तोंडापुढं धरत फिरत होते. "हे पाय! कच्चं हाय का? वास घे! नख मार!" कोणीही वास घेतला नाही. सगळ्यांनी मान मात्र हलवली, पाटील-सरपंचांच्या बाजूनं. "दुसऱ्याचा छकडा मांगू," काका बाबांना म्हणाले, "अजून टाईम हाय!" पण अपशकुन झाला होता. गावातून जोडी जाणार नाही, असं दोघांनी ठरवलं. दोन्ही ओटे एकत्र आले आमच्यामुळे.

दुपारी भोंगा ऐकू आला. अदत गटाची नावं पुकारत होते. मी बंडी घालूनच गोठ्यात बसून होते. वकील त्या आवाजाकडे कान करून हंबरला. विनाकारण नव्हता हंबरला, ह्या वेळी.

त्याच आठवड्यात मास्तरचा दात पडला, भिजवलेल्या ढेपेत. बाबांनी तो धुऊन पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या साली मोठ्या गटात पळवू." कोण पळवणार, ते बोलले नाहीत. वैशाखात मी गेले. गोऱ्हे औताला लागले ते औतालाच राहिले.

आणि ती कच्च्या लाकडाची कहाणी वाढत गेली. लग्नात मुंडावळ्या बांधून मी बसले होते आणि माझे बाबा व्याह्यांना सांगत होते, "पाटील अन् सरपंच व्हते म्हनून पोर वाचली बाप्पा, नाही त..." तोंडभर सांगत होते, हात वर करून. त्यांचा खरा, मोठा आवाज परत आला होता. तेव्हा मला कळलं की ह्या आवाजाला काय झालं होतं त्या सकाळी, आणि तो परत यायला ही कहाणी का लागली. कळल्यानं राग कमी होतो असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना कोणी त्यांच्या गाडीवरून उठवलेलं नसतं.

मी थापा मारते असं सगळे म्हणतात. मारते. वखराची मारली, कोंबडीची मारली, एस.टी.ची तर शपथ घेऊन मारली. पण तो आख कच्चा नव्हता. सगळ्या गावानं एक थाप मारली आणि ती खरी ठरली. मग माझ्याच का मोजता?

लग्नाच्या मांडवात बळीरामकाकांनी आहेर म्हणून एक गाठोडं हातात दिलं. आत ती फळी होती. तिला तडाही गेला नव्हता. "घे," म्हणाले. "कोनाले बसू देऊ नोको." त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची तारीफ केली नाही.

ती फळी आज चिखलीच्या माझ्या घरी ओसरीत आहे. बळीरामकाकांची रेघ माझं अंग कधीच ओलांडून गेलं, तरी मी भाजी निवडायला तिच्यावरच बसते. बरोबर मावत नाही. तरी बसते. वर भिंतीला पेपरातला तो फोटो चिकटवला आहे. सुभाष गेल्यावर मी कात्री घेतली आणि खोबणीतून हारवाल्याला कापून काढला. आता गाडीत एक भोक आहे, त्यातून भिंत दिसते, आणि पोरगी बाजूला टोप घेऊन उभी आहे. जागा रिकामी करून दिली, पुढचं तिनं पाहावं.

काल मतं मागायला एक जण आला. पांढरेशुभ्र कपडे, मागे चार माणसं, गळ्यात सकाळपासूनचा हार. दारातूनच हात जोडले, "मावशी, आशीर्वाद पायजे," आणि बोलता बोलता फळी पायानं जवळ ओढली.

"थांब बाबू," मी म्हणाले. "थे एका माणसाची हाय."

"अरे वा. कोन्या माणसाची?" तो घरात डोकावला, कोणी पुरुषमाणूस बाहेर येतो का ते बघत.

"माह्यी."

तो उभाच राहिला, मागची चार माणसंही. मी फळी ओढून घेतली, तिच्यावर ऐसपैस बसले, आणि टाळूला जीभ लावून एक टिचकी वाजवली.